न चाखता केलेला स्ट्यू

"तपासून पाहिलं का?"

दिवसातून निदान वीस वेळा हे वाक्य काकांच्या तोंडून ऐकू यायचं. आम्ही टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होतो आणि काका तिथल्या टेस्टिंग विभागाचे प्रमुख. आमचं काम त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे, तेव्हा ऑफिसात हे वाक्य शोभायचं. पण काका घरीही तसेच. गाडीचं दार लावलं की तीनदा ओढून बघणार. छत्री नेण्याआधी बैठकीच्या खोलीत उघडून बघणार. "घरात छत्री उघडू नये म्हणतात, काका," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "कोण म्हणतं? त्यांनी तपासून पाहिलं का?" अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांना आपण हसतो, आणि घर सोडताना शेगडी बंद केली का हे मात्र त्यांनाच विचारतो.

सगळे त्यांना काकाच म्हणायचे. ऑफिसातले अमेरिकनसुद्धा. त्यातल्या निम्म्या लोकांना ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटायचं, आणि काकांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. माझा नवरा ओहायोत पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षात होता, मी व्हर्जिनियात हर्नडनला नोकरीत, आणि राहायला काकांच्या बेसमेंटमध्ये. हर्नडनला तेव्हा ऑफिसांच्या काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या मागच्या कुरणांत गाई चरायच्या. तुरीची डाळ आणायला चाळीस मिनिटं गाडी हाकावी लागे. मराठी घरं मोजून सात-आठ होती. त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ठाऊक असायचं, आणि जे ठाऊक नसायचं ते कल्पनेनं भरून काढलं जायचं.

काका सांगलीचे, शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा खायचे नाहीत. आणि त्यांची बायको मॉरीन, आम्हा सगळ्यांच्या मॉरीनकाकू, बॉस्टनजवळच्या आयरिश घरातल्या. शाळेत ग्रंथपाल होत्या. पंचवीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना सुधारायचा प्रयत्न केला नव्हता. ओट्याचा डावा भाग काकांचा, उजवा काकूंचा. भांडी वेगळी, सुऱ्या वेगळ्या, भांडी घासायचा स्पंजसुद्धा वेगळा. थंडीत दर रविवारी काकू त्यांच्या आजीचा बीफ स्ट्यू करायच्या. लोखंडी जड भांडं, त्यात मांस, बटाटे, गाजर, कांदे आणि काळ्या बिअरची एक बाटली. दुसरी बाटली स्वयंपाकीणबाईंसाठी. तेवढा वेळ काका कोट-मफलर चढवून गॅरेजमध्ये आमटी-भात खात बसायचे. "आमच्या घरात सोवळं मीच पाळतो," म्हणायचे, "आणि तेही गॅरेजमध्ये."

मग काकूंना कॅन्सर झाला. जिभेच्या मुळाशी. नोव्हेंबरात रेडिएशन सुरू झालं आणि डिसेंबर संपता संपता त्यांनी जेवण जवळजवळ टाकलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की वजन आणखी घसरलं तर पोटात नळी घालावी लागेल. काकूंनी ते ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, नळी मी घालून घेणार नाही. आणि काकू नाही म्हणाल्या की त्यावर अपील नसायचं.

त्या हिवाळ्याबद्दल मला कोणी विचारलं, तर सांगण्यासारखं दुःख आठवत नाही. बधिरपणा आठवतो. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं त्या घरात सगळ्यांचं झालं होतं. काका वेळेवर ऑफिसला यायचे, "तपासून पाहिलं का" विचारायचे, आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघून जायचे. मी वर जाऊन काकूंच्या उशा नीट करायचे आणि खाली येऊन भांडी घासायचे. रडायला कोणालाच येत नव्हतं.

जानेवारीत एका शनिवारी काकांनी विचारलं, "मॉरीन, काय खावंसं वाटतं ते तरी सांग."

काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "स्ट्यू."

टाळायला म्हणून म्हणाल्या असणार. ज्याच्या वासानं माणूस गॅरेजमध्ये पळतो तो पदार्थ कोण करणार होतं? पण काकांनी खिशातलं पेन काढलं. "कृती सांग."

काकूंनी आयुष्यात काही मोजून घातलं नव्हतं. काका विचारत, किती मिनिटं? काकू म्हणत, होईपर्यंत. किती पीठ? लागेल तेवढं. काकांनी तरीही दोन पानं लिहून काढली, पायऱ्यांना क्रमांक देऊन, शेजारी खुणेसाठी चौकोन आखून.

रविवारी सकाळी मला हाक आली. दुकानात सोबत म्हणून. मांसाच्या काउंटरसमोर काका हात मागे बांधून उभे राहिले. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, कुठला तुकडा देऊ? काका म्हणाले, "जो तीन तासांत मऊ होतो. माझ्या बायकोला गिळायला त्रास होतो." त्या माणसानं चांगला तुकडा निवडला आणि बारीक कापून दिला. बिअरच्या शेल्फपुढे मात्र काकांमधला टेस्टर जागा झाला. त्यांनी काम करणाऱ्या पोराला गाठून विचारलं, "ही उकळल्यावर माणसाला चढते का?" पोरगा म्हणाला, "सर, मी ती कधी उकळली नाही." काका माझ्याकडे वळून म्हणाले, "विकतात, आणि तपासून पाहत नाहीत."

घरी आल्यावर काकांनी भांडी घासायचे पिवळे हातमोजे चढवले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते ओट्याच्या उजव्या भागाशी उभे राहिले. मांसाला मैदा लावला, तेलात परतायला टाकलं आणि मागच्या अंगणात जाऊन बर्फात उभे राहिले. पुन्हा आत, पलटलं, पुन्हा बाहेर. अशा पाच फेऱ्या झाल्या. मी कांदे चिरत होते. माझ्याकडून कांदे त्यांनी तीनदा मोजून घेतले.

आता चूक कुठे झाली ते सांगते. काकूंच्या कृतीत बिअर लवकर घालायची होती, म्हणजे ती तीन तास आटते आणि तिचा कडूपणा जातो. पण काकांचा सगळा अनुभव आमटीचा. आंबट, वासाचं, जे काही असेल ते शेवटी पडायचं. त्यांनी भांडं शेगडीवरून उतरवायला पाच मिनिटं असताना बाटली ओतली. कडवट वासाचा फेस वर आला. काकांनी वास घेतला आणि चेहरा पाडला. मग सांगलीच्या माणसाला कडूवर जो एकच उपाय ठाऊक असतो तो त्यांनी केला. डाव्या बाजूच्या डब्यातून गुळाचा खडा काढला आणि टाकला. एवढ्यावर न थांबता, काकूंना गिळायला सोपं जावं म्हणून वरणाची रवी काढून भांड्यातलं सगळं घोटलं.

"मीठ?" मी विचारलं.

काकांनी मिठाचा डबा काढला. "चाखून कोण बघणार?"

मी कोल्हापूरची. "काका, मटण असतं तर हाडासकट तपासलं असतं. पण हे नाही जमणार."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि मी तरी कोणत्या तोंडानं सांगू?" मग म्हणाले, "नैवेद्य कुठे चाखतात? आई पंचवीस माणसांचा स्वयंपाक न चाखता करायची. वासावर मीठ सांगायची." त्यांनी पळीशी नाक नेलं, डोळे मिटले, आणि दीड चमचा मीठ घातलं. हयातभर न तपासलेला कागद पुढे न सरकवणाऱ्या माणसानं तो वाडगा तसाच वर नेला.

काकूंनी वाडग्यात पाहिलं. "माझ्या आजीच्या स्ट्यूचं यानं वरण केलं," त्या मला म्हणाल्या. 'वरण' हा त्यांच्या मोजक्या मराठी शब्दांपैकी एक. मग त्यांनी चमचा उचलला. बारा चमचे खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"कसं झालंय?" काकांनी विचारलं.

"परफेक्ट," काकू म्हणाल्या.

काकांनी कागदावरच्या शेवटच्या चौकोनात खूण केली. खाली जाताना ते जिन्यात थांबले आणि कठड्याला धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता रडतील. पण ते म्हणाले, "पुढच्या वेळी गाजर जास्त घालू."

सोमवारी मी अर्धा दिवस सुट्टी घेऊन काकूंजवळ बसले होते. त्या एकदम म्हणाल्या, "ऐक. मला कशाचीही चव लागत नाही. महिना झाला. काल ओला वर्तमानपत्राचा कागद खाल्ला असता तरी तेच. फक्त मीठ तेवढं तोंडातल्या फोडांना झोंबतं, म्हणून कळतं की खाल्लं."

"मग खाल्लंत कशाला?"

"त्यानं केलं म्हणून. दुसरं काही त्यानं केलं असतं तर नाही म्हटलं असतं." त्यांनी माझं मनगट धरलं. "त्याला सांगायचं नाही. शब्द दे."

मी दिला. त्या वेळी तो मला साधाच वाटला. आजारी माणसाला आपण रोज दहा शब्द देतो.

मग दर रविवारी तेच. बिअर वेळेवर पडू लागली, गूळ बंद झाला, रवी मात्र राहिली. काकांच्या दोन पानांची अकरा झाली. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात एका बाईंनी आवाज बारीक करून मला विचारलं, "म्हणजे ते स्वतः शिजवतात? स्वतःच्या हातानं?" मी काकांना ते सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "त्यांना सांग, हातमोजे घालून." आणि बटाटे सोलत राहिले.

वर वाडगा गेला की काका विचारायचे, "कसं झालंय?" आणि काकू दर वेळी नवं काहीतरी शोधून काढायच्या. आज गाजर गोड आहे. आज बिअर छान मुरलीय. मी दाराशी उभी राहून दोघांकडे बघायचे. ज्यानं केलं त्यानं चाखलं नव्हतं, जिनं खाल्लं तिला चव कळत नव्हती. त्या स्ट्यूची चव जगात कोणालाच माहीत नव्हती. पण काकूंचं वजन टिकलं होतं. नळीचा विषय निघाला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी काकूंनी सोळा चमचे खाल्ले. डोळ्यांत पाणी नव्हतं. "आज मीठ अगदी बरोबर पडलंय," त्या म्हणाल्या. काका काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. मग त्यांनी वाडगा उचलला आणि खाली गेले. त्यानंतर त्यांनी "कसं झालंय?" कधी विचारलं नाही. "अजून एक चमचा?" एवढंच विचारायचे. मला वाटलं, दमले असतील.

मार्चच्या शेवटी काकूंचं बोलणं फार कमी झालं होतं. एके दुपारी मी ओठांना क्रीम लावत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "हल्ली झोंबत नाही. लक्षात आलं तुझ्या?"

मी म्हटलं, "फोड बरे झाले असतील."

"फोड आहेत तिथेच आहेत." त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. "त्यानं मीठ बंद केलंय. त्याला कळलंय सगळं. गाढव कुठला, मला वाटत होतं मी त्याला फसवतेय, आणि तोच मला फसवतोय." थोडा वेळ श्वास घेऊन म्हणाल्या, "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस हं. त्याला जरा जिंकू दे."

मी पुन्हा शब्द दिला. दोन शब्द झाले, आणि दोन्ही काकूंना दिलेले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकू गेल्या. झोपेत, सकाळी. काकांनी मला फोन केला नाही, बेसमेंटचा जिना उतरून आले आणि म्हणाले, "मॉरीन गेली. तू नाश्ता करून घे, मग वर ये." मी खरंच टोस्ट खाल्ला. आज ते लिहिताना मला माझी लाज वाटते, पण तेव्हा काही वाटलं नाही.

दफन झाल्यावर सगळे घरी येणार होते. काकूंचा भाऊ, त्याची बायको, शाळेतल्या मैत्रिणी. आपल्याकडे अशा घरात चूल पेटत नाही, म्हणून मराठी बायकांनी पिठलं-भात पाठवला होता. काकूंच्या माणसांत मात्र आलेल्याला घरचं गरम जेवायला घालतात. काकांनी कोणाशी चर्चा केली नाही. पहाटेपासून उभं राहून त्यांनी ते लोखंडी भांडं भरून स्ट्यू केला.

काकूंचा भाऊ दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल एवढा धिप्पाड माणूस. त्यानं पहिला चमचा तोंडात घातला, आणि मी बघत होते. जन्मभर त्या स्ट्यूवर वाढलेल्या माणसाच्या तोंडी काकांच्या हातचा स्ट्यू आज पहिल्यांदा पडला होता. त्यानं सावकाश गिळलं. मग बायकोच्या कानाशी लागून मिठाची बाटली मागितली. तिनंही मीठ घेतलं, बाटली पुढे दिली. ती बाटली टेबलभर फिरली.

मी स्वयंपाकघरात गेले. काका बेसिनपाशी पाठमोरे उभे होते.

"काका, मीठ राहिलं का?"

"राहिलं असेल," ते म्हणाले. "हाताला सवय नाही राहिली." मग नळ बंद करून म्हणाले, "फेब्रुवारीत एका रविवारी खरंच विसरलो होतो. वर नेल्यावर आठवलं. आणि ती म्हणाली, मीठ अगदी बरोबर पडलंय. तेव्हा कळलं की तिला चव नाही. आणि त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. म्हणजे आधी ते मिठानं येत होतं. मी दर रविवारी तिच्या जखमांवर मीठ घालत होतो, आणि ती परफेक्ट म्हणत होती. मग बंदच केलं."

मी म्हटलं, "मला माहीत होतं काका. चवीचं. त्यांनी शब्द घेतला होता."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मला कळलंय, हे तिला कळलं होतं का?"

हा प्रश्न त्यांनी इतर प्रश्नांसारखा विचारला नाही. उत्तराची वाट बघत उभे राहिले. बाहेर चमचे वाजत होते. माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की मी शब्द दिलाय, आणि तो मेलेल्या माणसाला दिलाय.

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," काका म्हणाले. त्यांनी हात पुसले, रुमाल घडी घालून ठेवला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. मग पाहुण्यांत जाऊन बसले.

मी जूनमध्ये ओहायोला गेले. काकांनी वर्षभरात घर विकलं आणि सांगलीला धाकट्या भावाकडे गेले. दिवाळीला पत्र यायचं, चार ओळींचं. मी उत्तर लिहायचे आणि प्रत्येक पत्रात एक वाक्य लिहायचं मनात असायचं. असलं पत्रात काय लिहायचं, भेटीतच सांगू, असं म्हणून ते राहायचं. तिसऱ्या दिवाळीला त्यांच्या भावाच्या अक्षरातलं पत्र आलं.

ते वाचल्यावर मी खूप रडले. काकू गेल्या तेव्हाचंही त्यात होतं बहुतेक. काकांना त्या दिवशी "हो" ऐकायचं होतं. इतके महिने त्या खोलीत आपण एकटे नव्हतो, तिला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती खात होती, एवढंच त्यांना हवं होतं. ते मला माहीत होतं, माझ्या तोंडाशी होतं, आणि मी नाही म्हणाले. काकूंनी मला जे सांगितलं ते आता मी तुम्हाला सांगितलं. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगितलं नाही.